बाबारावांचे दीड हजार

देणी चार होती. लोखंडवाल्याचे एक लाख दहा हजार, पतसंस्थेचे छप्पन्न हजार, शेडमालकाचे चाळीस हजार आणि वेल्डिंगचा गॅस पुरवणाऱ्याचे चौदा हजार. एकूण दोन लाख वीस हजार. घरात सोनं म्हणावं असं एकच उरलं होतं, आईच्या हातातल्या दोन पाटल्या.

कीर्तीने बेरीज पुन्हा तपासली आणि कागद वडिलांपुढे सरकवला.

विद्याधररावांनी पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झाल्यावर जामुलला फॅब्रिकेशनची शेड भाड्याने चालवायला घेतली होती. ती दीड वर्षात बंद पडली. तेव्हापासून देणेकऱ्यांसमोर उभं राहणं त्यांना जमेना. मग त्यांचे प्लांटमधले सोबती बाबाराव मधे पडले. कीर्तीचा पगार झाला की ते यांच्या जुनवानीतल्या घरी येत, साडेसतरा हजार घेऊन जात आणि त्यातले सोळा हजार चौघांना पोचवत. राहिलेले दीड हजार त्यांच्या धावपळीचे. तसं त्यांनीच सुरुवातीला सांगितलं होतं.

"अजून चौदा महिने आहेत, बाबा," कीर्ती म्हणाली. "म्हणजे काकांचेच एकवीस हजार होतात. आता मीच जाऊन देत जातो सगळ्यांले."

"अवं, शेडवाल्यानं पाऊण लाख सोडले ते बाबारावच्याच शब्दावर. नाही तं तुझ्या आईच्या पाटल्या गेल्या असत्या. त्यांले मी हात लागू देल्ला नाही. तेवढंच राहिलं माझं."

"म्हणूनच तं म्हणून राहिली. पुढंही लागू द्यायचा नाही."

वासंतीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "राहू दे न वं. दीड हजारानं काय होते?"

"एक महिना कमी होते, आई."

कीर्ती एका शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. अंदाजाने बोललेलं तिला आवडत नसे. वासंतीबाई आत गेल्या.

बाबाराव आले तेव्हा कीर्तीने त्यांना चहा दिला, आभार मानले आणि मग सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"माहा हिशेब मांगून राहिली का, पोरी?"

"नाही काका. धावपळ आता माझी, येवढंच."

"बरं. पण त्या दीड हजाराचं एकदा वहिनीले विचारून घे."

"पैशाचं आता मीच पाहतो, काका. आईले कशाले त्रास?"

बाबारावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू झाला. बाबाराव उठले. चहा अर्धा तसाच राहिला. पुढच्या आठवड्यात ते मुलाकडे नागपूरला गेल्याचं कळलं.

चौघांकडे जाणं कीर्तीला वाटलं होतं तितकं कठीण गेलं नाही. लोखंडवाला तर हसलाच. "मॅडम, तुम्ही बऱ्या. तुमचे काका हप्ता देत आणि दोन कप चहाही पिऊन जात. माझं व्याज चहातच जाई." पतसंस्थेत पावती लगेच मिळाली. शेडमालकाने मान वर न करता नोटा मोजल्या. गॅसवाल्याला आधी दोन हजार जात, त्यात कीर्तीने बाबारावांचे दीड हजार घातले. चार महिन्यांत तो मोकळा होणार होता.

पहिल्या महिन्यातच वासंतीबाईंनी विचारलं, "मले महिन्याचे दीड हजार देत जाशीन का?"

"कावून?"

"असंच. लागतात."

"चार महिने थांब न, आई. गॅसवाला सुटला का दोन हजार देतो."

वासंतीबाईंनी हातातल्या पाटल्या काढून खिडकीत ठेवल्या आणि भांडी घासायला घेतली. पूर्वी त्या पाटल्या कधीच काढत नसत.

"आई, सोन्याले साबणानं काई होत नाही."

"मालूम आहे."

तरीही त्या रोज काढून ठेवत. आई किती जपते, असं कीर्तीला वाटे. मग ती हप्ते आणखी काटेकोरपणे पाळी.

चौथ्या महिन्यात गॅसवाल्याने शेवटचे साडेतीन हजार घेतले आणि हात जोडले. घरी येताना कीर्तीला बाबारावांचा अर्धा राहिलेला चहा आठवला. आपण जरा तोडूनच बोललो. संध्याकाळी फोन करावा, काकांची माफी मागावी, असं तिने ठरवलं.

त्याआधी तिला आईसाठी काहीतरी करायचं होतं. वासंतीबाई शेजारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. पाटल्या खिडकीतच होत्या, काठांवर फिक्या पडलेल्या. कीर्तीने त्या रुमालात बांधल्या आणि ती सुपेल्याच्या बाजारात गेली. तिथले सराफ मूळचे वर्ध्याचे, आईच्या माहेरच्या गल्लीतले. आईच्या पाटल्या त्यांच्या वडिलांनीच घडवल्या होत्या.

"पॉलिश करून द्या, काका. आईले सांगू नका, तिले मी दाखवीन."

सराफांनी पाटल्या काट्यावर ठेवल्या नाहीत. नुसत्या उलटून पाहिल्या.

"ह्यांले पॉलिश नाही होत, बेटा. ह्या वरून सोन्याचं पाणी देल्लेल्या, मीच देल्ल्या होत्या तुझ्या आईले. खऱ्या माझ्यापाशी गहाण होत्या. पाऊण लाख शेडवाल्याले द्यायचे होते न तेव्हा. तुझ्या बाबाले कळू द्यायचं नव्हतं. व्याजाचे दीड हजार बाबाराव दर महिन्याले आणून देत. चार महिने झाले, आले नाहीत. मी दोनदा निरोप धाडला. ताई म्हणाल्या, हिशेब आता पोरगी पाहते, तिले विचारून सांगतो."

"मग त्या कुठं आहेत?"

"मुदत टळली. सोमवारी भट्टीत टाकल्या."

त्यांनी तिजोरीतून एक लहानशी पिवळी लगड काढली आणि काट्यावर ठेवली. आकडे थोडे हलले, मग थांबले. बत्तीस ग्रॅम, चारशे मिलिग्रॅम.