वहीतून कापायचं नाव

“नाव कापायचंच असेल तर तुमच्या हेळव्याला सांगा ना, काका. त्यासाठी ग्रंथालयात कशाला आलात?” मैथिलीनं विचारलं.

ज्ञानू चौगल्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “सांगणारच हाय. पर त्याआधी एकदा हुडकून बघतो. मागनं मनाला लागाय नको.”

कोल्हापुरातल्या त्या ग्रंथालयात दर रविवारी ‘आपलं कूळ, आपलं गाव’ हा कार्यक्रम चाले. दर सुगीला घरटी धान्य घेऊन वंशावळी पिढ्यान् पिढ्या लिहीत आलेले हेळवी आपापल्या वह्या घेऊन येत. मैथिली पानांचे फोटो काढी, मूळ गाव विचारून घेई आणि यादी करी. प्रत्येक हेळव्याची गावं ठरलेली, त्यामुळे एकाच्या वहीत काय आहे ते दुसऱ्याला ठाऊक नसे. आता त्या वह्या प्रथमच एका टेबलावर येत होत्या. मैथिलीला याचं भारी वेड. परक्यांचे पणजोबा तिला तोंडपाठ होते, सख्ख्या आत्याचा वाढदिवस मात्र दरवर्षी चुकायचा.

ज्ञानूकाका गारगोटीजवळच्या भेंडेवाडीचे, वय बहात्तर. थोरला भाऊ बाळकू चौदाव्या वर्षी घरातून गेला तो गेलाच. त्यांच्या हेळव्याच्या वहीत त्याच्या नावापुढची जागा तेव्हापासून कोरी होती. वडील म्हणाले होते, कापा. ज्ञानूकाकांनी कापू दिलं नाही. आता येत्या सुगीला हेळवी नवी वही मांडणार होता. बाळकूचं नाव तिच्यात उतरवायचं की गाळायचं, हे घरातले वडीलधारे म्हणून काकांनीच सांगायचं होतं.

“कशामुळे गेले ते?”

“आमचं भांडण झालतं. मी नऊ वर्साचा. पोरापोरांचं भांडण, त्याला काय अर्थ हाय? मी आठ दिस दवाखान्यात पडून. घरला आलो तर ह्यो न्हाय.”

मैथिलीनं अर्जात लिहिलं, कारण: भांडण.

“मेला असंल तर माझं काय म्हणणं न्हाय,” काका म्हणाले. “नाव ऱ्हाऊ दे. पर जित्ता असून आमाला इसरला असंल, तर कापणार. आमची आय मरस्तवर दाराकडं डोळं लावून बसली हुती.”

तीन रविवार काहीच हाती लागलं नाही. काका येत, बाकावर बसत आणि दुपारच्या एसटीनं परत जात. चौथ्या रविवारी हुपरी भागाचा हेळवी मल्लाप्पा आला. मूळ गावांच्या रकान्यात ‘भेंडेवाडी’ लिहिताना मैथिलीचा हातच थांबला. तिनं लगेच काकांना फोन लावला.

पुढच्या रविवारी काका धुवट सदरा घालून आले. मैथिलीनं मल्लाप्पाला सांगितलं, “हे भेंडेवाडीचे. बाळकू चौगल्यांची चौकशी करतायत.”

मल्लाप्पानं वही उघडली. “हाय की. चांदीच्या पैंजणांचं काम. तीन ल्योक, पाच नातू. म्हातारा अजून खुटखुटीत हाय, पावणं.”

मैथिलीला वाटलं, आता काकांच्या डोळ्यांत पाणी येईल. तिनं रुमालसुद्धा काढून ठेवला होता. काकांचा चेहरा मात्र घट्ट झाला.

“हुपरी,” ते म्हणाले. “कोल्लापुरात गाडी बदलली की हुपरी. तीन पोरांची लग्नं केली असतील. त्यातली एक पत्रिका आमच्या आयला धाडाय झालं न्हाय.”

“काका, एकदा भेटून तरी...”

“काय भेटायचं? कागद द्या, पोरी. पेन द्या.”

तिनं दोन्ही दिलं. काका मान खाली घालून सावकाश, एकेक अक्षर कोरत आपल्या हेळव्याला चिठ्ठी लिहू लागले. मैथिलीला फार वाईट वाटलं. न पाहिलेल्या त्या बाळकूचा तिला रागही आला. काहीतरी बोलून वेळ काढावा म्हणून ती वहीत डोकावली. बाळकूच्या नावाखाली मोडीत आणखी एक ओळ होती. तिच्यापुढे बारीक बारीक खुणा, वेगवेगळ्या शाईतल्या, पार पानाच्या कडेपर्यंत.

“हे काय आहे?”

“ते आमच्या रीतीबाहेरचं,” मल्लाप्पा म्हणाला. “ल्हानपणी गेलेलं पोर आमी लिवत न्हाय. पर ह्या बाळकूनं माझ्या आज्याचं पाय धरलं. म्हणला, माझ्या भावाचं नाव वहीत ऱ्हाऊ द्या, त्याच्या नावचं धान्य मी घालतो. तवापासनं दर सुगीला घरचं येगळं, ह्या नावाचं येगळं. एका सालाला एक खूण. औंदाबी केलीया.”

“पण लिहिलंय काय?”

काकांची चिठ्ठी संपत आली होती. सही तेवढी राहिली होती.

“त्यानं सांगितलं तसंच आज्यानं उतरवलंय,” म्हणत मल्लाप्पानं ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, “धाकटा भाऊ ज्ञानू, वय नऊ. माझ्याच धक्क्यानं हिरीत पडून मेला.”