वळवलेला रस्ता

रस्ता नेमका दगडांच्या राशीवरून जात होता. रेसियातोने नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरून लाल रेघेवर बोट ठेवलं, तेव्हा म्हाताऱ्या सिरोंकाने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

रेसियातोने आखलेल्या अभयारण्याच्या बाकी सगळ्या गोष्टींना गावाने माना डोलावल्या होत्या. ओढ्यापलीकडचं रान जनावरांसाठी राखायचं, घरं अलीकडे आणायची, फक्त दुष्काळात गुरं आत सोडायची, पाहुण्यांना मोटारीतून फिरवायचं. अडलं ते बाहेरून आणायच्या सिंहांवर. त्यावरून बाभळीखाली दोन दिवस बैठक गाजली. गावच्या समितीचा अध्यक्ष तिपापे म्हणजे जिभेला हाड नसलेला माणूस. तो सगळ्यांदेखत रेसियातोला म्हणाला, "पोरी, ज्याने तुझा बाप खाल्ला, त्याच्याच जातीला घरजावई करून आणतेस होय?"

लोक हसले. रेसियातोही हसली. "सिंहाला मी केव्हाच माफ केलंय," ती म्हणाली. "त्याला भूक लागली होती. आणि तुम्ही त्याला जिवंत कुठे ठेवलंत?"

सिरोंका हसला नाही. तिच्या बापाला सिंहाने खाल्ल्याची बातमी त्यानेच आणली होती आणि त्या सिंहाला पहिला भालाही त्याचाच लागला होता. तेव्हा त्याच्यावर गाणी रचली गेली. पण ती कुणी म्हणायला लागलं की तो उठून जायचा, म्हणून हळूहळू बंद पडली.

रेसियातो त्याला बाबा म्हणायची. बापाच्या वयगटातले सगळे बापच, ही मसाई रीत. सिरोंकाने मात्र ती जरा जास्तच पाळली. तिच्या विधवा आईच्या दारात दुधाने भरलेला वाळक्या भोपळ्याचा तुंबा त्याच्या घरून यायचा आणि ती नैरोबीला शिकायला निघाली, तेव्हा त्याने आपला सगळ्यात देखणा बैल विकला. भेटल्यावर ती डोकं झुकवायची आणि त्याने त्यावर हात ठेवायचा. दर वेळी तो हात क्षणभर हवेत थांबायचा. म्हातारपणी सांधे धरतात, असं लोक म्हणायचे.

ती रास म्हणजे कुणा जुन्या, मोठ्या माणसाचं थडगं, असं गाव मानायचं. एरवी मेलेल्याला उघड्या रानात ठेवायचे. दगड फक्त फार थोरांच्या नशिबी. जाणारायेणारा एक दगड टाकून पुढे जायचा, त्यामुळे रास कंबरेएवढी झाली होती. कुणाची, हे विचारायची सोय नव्हती, कारण मेलेल्याचं नाव घेत नाहीत. ठाऊक असलंच तर सिरोंकाला असणार. त्याच्या वयगटातला तोच एक उरला होता. रोज सकाळी गुरं पाण्यावर सोडून तो डोंगराच्या धारेवर, राशीपाशी चढायचा आणि दगड ठेवायचा. पूर्वजांची एवढी चाड आता कुणाला आहे, असं म्हणून लोक त्याला नावाजायचे.

वरचे दगड रोज सकाळी थोडे सरकलेले असत. माकडं करतात, असं तो स्वतःला सांगायचा. पण या धारेवर माकडं त्याने कधी पाहिली नव्हती आणि कधीकधी तर त्याला वाटायचं की ती रास श्वास घेते आहे.

"सोमवारी यंत्र येईल," रेसियातो म्हणाली. "आम्ही ती रास तशीच नाही उकरणार, बाबा. तुम्ही मोठी माणसं आशीर्वाद द्या, बैल कापू, हाडं मानाने पलीकडे नेऊ. संग्रहालयातली एक बाई येणार आहे. ती हाडं बघून सांगते, माणूस किती जुना, कशाने गेला."

सिरोंकाने काठी जमिनीत रोवली.

"हात लावायचा नाही," तो म्हणाला.

"पण बाबा—"

"मी आडवा झोपेन. यंत्र माझ्यावरून ने."

त्याचा आवाज कापत होता. आयुष्यात कधी कुणापुढे आवाज न कापलेला माणूस. जीपला टेकलेल्या तिपापेला चेष्टा सुचली असणार, पण त्याने ती गिळली.

रेसियातोने बराच वेळ नकाशा पाहिला. मग खिशातून पेन्सिल काढून तिने लाल रेघेला एक वळसा दिला. रास मोकळी राहिली. तिपापेने कपाळाला हात लावला. खडक फोडून रस्ता न्यायचा म्हणजे पावसाळ्याआधी काम पुरं होत नाही.

"होऊ दे उशीर," ती त्याला म्हणाली. "माझ्या वाट्याला तर बापाचं थडगंसुद्धा नाही. ज्यांच्याकडे आहे, त्यांचं मी कशाला मोडू?"

सिरोंकाने डोळे मिटले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्याला वाटलं. सुटलो, असं तो मनातल्या मनात म्हणाला आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

"इथे फलक लावू का?" तिने विचारलं. "पाहुण्यांसाठी?"

"काही लिहू नकोस."

नकाशाची घडी करून ती राशीपाशी गेली. "मी इथे कधीच दगड ठेवला नाही. आई या बाजूला फिरकूच द्यायची नाही. माझ्या वडिलांचा भाला इथेच खाली ओढ्यात सापडला ना तुम्हाला." तिने मागे वळून पाहिलं. "आता ठेवू?"

सिरोंकाला नको म्हणायचं होतं. त्याने मान हलवली, ती होकारासारखीच हलली.

"डोकं कुठल्या बाजूला आहे?"

"त्या उंबराकडे," तो पटकन बोलून गेला.

तिने खाली वाकून एक चपटा, गुळगुळीत दगड निवडला. खांद्यावरच्या लाल चादरीने पुसला. मग गुडघे टेकून, झोपलेल्याला जाग येऊ नये इतक्या हळूच, तो आपल्या बापाच्या छातीवर ठेवला.