दर सात सेकंदांनी मुलाखत

"पंधरा दिवसांतून एक मुलाखत हा कैद्याचा हक्क आहे." वकील मृणाल ठोंबरेने कोर्टाचा आदेश जेलर घाडग्यांपुढे ठेवला.

"अहो मॅडम, सात वर्षांची शिक्षा या नव्या यंत्राच्या खुर्चीत वीस मिनिटांत संपते. भेटणार कधी?"

"खुर्चीतल्याला सात वर्षंच वाटतात ना? मग दर सात सेकंदांनी भेटायचं."

घाडग्यांनी हिशोब केला. तो बरोबर निघाला, म्हणून त्यांना जास्तच राग आला.

कैदी नितेशला खुर्चीत बसवलं, त्याचे डोळे मिटले. त्याची आई इंदुबाई माइकसमोर उभ्या राहिल्या. मृणालने बोट वर केलं की बोलायचं, असं ठरलं होतं.

"जेवलास का?"

बोट.

"जेवलास का?"

"मावशी, दुसरं काहीतरी विचारा की," घाडगे म्हणाले.

"दुसरं काय विचारू? आणि मधे बोलू नका, पंधरवडा जातोय!"

दहाव्या मिनिटाला इंदुबाईंना ठसका लागला. मृणाल पाणी आणायला धावली. वीसेक सेकंदांचाच काय तो खोळंबा.

वेळ संपली. नितेशने डोळे उघडले आणि आईचा हात घट्ट धरला.

"चौथ्या वर्षी दिवाळीला तू आलीच नाहीस. दीड महिना आली नाहीस. मला वाटलं, तू गेलीस."

"ठसका लागला होता रे," इंदुबाई म्हणाल्या.

मृणालने तिथेच बाकावर बसून नवा अर्ज लिहायला घेतला: मुलाखतीच्या वेळी आईजवळ पाण्याचा तांब्या भरून ठेवणं तुरुंगाला बंधनकारक करावं.