रंजीताची साक्ष

"शेवटचं वाक्य तेवढं पक्कं ठेवा, रंजीताबाई," निकेश म्हणाला. "'ते सगळं मी सोडलं.' बस. मंग गाणं."

"पण मी सोडलंच नाई, निकेशभाऊ."

निकेशने हातातला माईक खाली केला. गडचिरोलीच्या या मसीही संगीत महोत्सवाचं सूत्रसंचालन त्याच्याकडे होतं. गायकाने आधी आपली पार्श्वभूमी सांगायची, साक्ष द्यायची, आणि मग गायचं, अशी इथली रीत. सकाळी अंकुशने दारू सोडल्याचं सांगितलं होतं, धनराजने वरातीतला बँड सोडल्याचं. दोघांनाही भरभरून टाळ्या पडल्या होत्या.

रंजीता मात्र झाडीपट्टीच्या नाटकांतली नायिका होती. धान घरात आलं की होळीपर्यंत वडशाच्या नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरायचं, नाचायचं, रडायचं, लोकांना रडवायचं. आजही इथून तिला थेट चिमूरकडे जायचं होतं. कंपनीची गाडी मांडवाबाहेर उभी होती.

रविवारी गावात असली की ती चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायची. तिचा गळा साऱ्या तालुक्याला माहीत होता. चर्चच्या गायकांत मात्र तिला कोणी बोलावलं नव्हतं. म्हणून आज गायची संधी तिने स्वतः मागून घेतली होती. गाणंही तिचंच. आई दवाखान्यात होती तेव्हा तिच्या उशाशी बसून जुळवलेलं. ती आई, मंगलीबाई, आता बरी होऊन समोर बसली होती.

"देवाजी पास्टर पहिल्या रांगेत हायेत," निकेश हलक्या आवाजात म्हणाला. "तुमाले तं माईत हाये. नाटकाचं नाव निघालं का ते उठून जातात."

माहीत होतं. गेल्या नाताळात तरुण मंडळींनी बसवलेलं नाटक पास्टरांनी अर्ध्यातच थांबवलं होतं. सगळ्यांसमोर. "पडदा पाडा," एवढंच म्हणाले होते.

"ते उठले तं आपला परोग्राम खतम," निकेश म्हणाला. "एक वाक्य बोलून द्या ना बाई. कोण पाहाले येते?"

"ज्याच्यासाठी गाऊन राह्यली, तो पाहाते ना."

तिने पदर खोचला आणि ती मंचावर गेली.

मांडव गच्च भरला होता. पास्टर काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ बसले होते. खांद्यावर पांढरी शाल, चेहरा कोरा. रंजीताने त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"मी रंजीता," ती म्हणाली. "मी नाटकात काम करतो. आज रात्री बी हाये. देवानं मले गळा देल्ला, पण तो तयार झाला नाटकाच्या इस्टेजवर. ते लपवून मी त्याच्यासाठी कशी गाऊ?"

कोणी टाळी वाजवली नाही. मागे कुणीतरी खाकरलं.

देवाजी पास्टर उठले.

निकेशने कपाळाला हात लावला. रंजीताने एकदा आईकडे पाहिलं आणि ऑर्गनवाल्याला मान हलवून इशारा केला. जायचं त्यांनी जावं. गाणं थांबणार नव्हतं.

"मोह फुलला रानात, तुझा वास माझ्या मनात..."

तिसऱ्या ओळीला बायांनी पदर डोळ्यांना लावले. आवाज मांडवाबाहेर, पार रस्त्यावर गेला आणि एसटीची वाट पाहणारी माणसं आत येऊन उभी राहिली. रंजीताला आता ना निकेश दिसत होता ना पहिली रांग. शेवटचं कडवं चढत गेलं, आणि त्या भरात, ध्यानीमनी नसताना, तिने हात उंचावून एक गिरकी घेतली. नाटकातली. लावणीतली.

गाणं संपलं.

तेव्हा तिला दिसलं, पास्टर गेलेले नव्हते. ते मंचाच्या पायऱ्या चढत होते. निकेश धावला, हात द्यायला. त्यांनी तो बाजूला केला आणि रंजीतासमोर येऊन उभे राहिले.

"बोला पास्टरजी," ती म्हणाली. तिने मान खाली घातली नाही.

त्यांनी तिच्या हातातला माईक घेतला.

"गाणं देवाचं हाये," ते लोकांकडे वळून म्हणाले. "त्याच्यात काई खोट नाई. पण ते गिरकी चुकली."

कुणाला काही कळेना. पास्टरांनी काठी निकेशच्या हातात दिली, शाल डोक्यावरून पदरासारखी घेतली आणि कमरेवर हात ठेवला.

"डाव्या पायावर घ्याची असते, पोरी. बाया इस्टेजवर येत नव्हत्या तवा वडशाच्या नाटक कंपनीत मीच हिरोईन होतो."