अर्ध्या आठ्या

सकाळी चूळ भरताना पाणी डावीकडून गळालं. आरशात पाहिलं तर तोंड वाकडं. झटका आला, संपलं सगळं, म्हणून मी मटकन खाली बसलो. दवाखान्याच्या कागदांवर आजारांचे कोड नंबर घालणारी आमची सूनबाई धावत आली.

"बाबा, कपाळाला आठ्या घाला!"

"ही काय थट्टेची वेळ आहे?"

"घाला हो, माझ्या चहाला रोज घालता तशा!"

घातल्या. ती टाळ्या पिटत नाचायलाच लागली. "उजवीकडेच पडल्या! मेंदूचा झटका असता तर दोन्हीकडे पडल्या असत्या. कोड बदलला, बाबा! नुसती चेहऱ्याची नस सुजली असणार. चला, आधी डॉक्टरांकडे!"

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. दोनेक महिन्यांत चेहरा सरळ होईल म्हणाले.

तेव्हापासून सूनबाई चहा देते आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन बसते.