दुसऱ्या वर्षीचा बहर

कुलदीपने ट्रेमधल्या मातीवर बिया टाकल्या, वरून चाळलेली माती भुरभुरवली आणि फवाऱ्याने पाणी मारलं. ओट्यावरच्या खुर्चीत बसलेले एकनाथराव पेपरच्या आडून हे सगळं बघत होते.

“काय पेरलंत?” त्यांनी विचारलं.

“कार्नेशन, काका. बियांपासून करून बघायलो.”

“फुलं कधी येतात?”

“होळीच्या सुमाराला. पण पहिल्या वर्षी कमीच. उन्हाळा सावलीत जपून काढला, की दुसऱ्या वर्षी खरा बहर.”

एकनाथरावांनी पेपर खाली ठेवला. दसरा नुकताच झाला होता आणि कुलदीपच्या वरच्या पोर्शनचा अकरा महिन्यांचा करार संक्रांतीला संपत होता. हा गृहस्थ दुसऱ्या वर्षीच्या गोष्टी करत होता.

एकनाथरावांची सगळी वकिली घरमालक आणि भाडेकरूंच्या भांडणात गेली होती. कब्जा करून बसलेली भली भली माणसं त्यांनी घराबाहेर काढली होती. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. हे तर पाणीसुद्धा फुंकून पीत. कुंडी आणणारा भाडेकरू जाताना ती उचलून नेतो, पण बी पेरणारा मुक्काम ठोकायला आलेला असतो, असं त्यांचं मत झालं.

मग त्यांना एकेक गोष्ट दिसायला लागली. कुलदीपने भाड्यावरून कधी घासाघीस केली नव्हती. गच्ची गळत होती, तर त्याने स्वतःच मिस्त्री आणून ती दुरुस्त केली आणि भाड्यातून एक रुपया कापला नाही. कोणी म्हणेल, केवढा भला माणूस. एकनाथरावांना मात्र ठाऊक होतं, की आज दुरुस्ती करणारा उद्या कोर्टात त्याच्याच पावत्या दाखवतो. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी.

कुलदीपला आणलं होतं मकरंदने. मकरंद म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्यात नोकरीला. गेल्या हिवाळ्यात एकनाथरावांचं बायपास झालं, तेव्हा तो महिनाभर इथे राबला. त्यांचं मुखत्यारपत्र घेऊन दवाखाना, बँक, कागदपत्रं, सगळं त्यानेच निस्तरलं. जाताना म्हणाला, तुम्ही एकटे राहू नका, ओळखीतलं कुटुंब आहे, वर राहील. मुलगा गुणी, पण माणसं ओळखण्यात कच्चा. त्याला कोणीही गुंडाळावं.

बिया रुजल्या. निळसर हिरवी, दोऱ्यासारखी रोपं वर आली. कुलदीपने ती कंपाउंडच्या भिंतीलगत वाफ्यात लावली. बोटभर वाढली, तसे तो त्यांचे शेंडे खुडू लागला. खुडलं की खालून फुटवे येतात आणि फुलं वाढतात, असं त्याने एकनाथरावांना समजावलं आणि चार रोपं त्यांच्याकडूनही खुडून घेतली. एकनाथरावांना ते आवडलं. आवडलं म्हणूनच ते जास्त सावध झाले.

पत्नी उषाबाईंच्या मागे या घराशिवाय त्यांचं इथे कोणी उरलं नव्हतं. नल्लकुंट्याच्या या वस्तीत आजूबाजूचे सगळे बंगले बिल्डरांना गेले, अपार्टमेंटं उठली. या एका घराला त्यांनी कोणाला हात लावू दिला नव्हता. इथेच मरायचं, एवढी एकच इच्छा राहिली होती. ते घर गेलं तर आपण संपलो, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

डिसेंबरात एक दिवस कुलदीप एका माणसाला घेऊन आला आणि दोघं टेपने कंपाउंडची भिंत मोजू लागले. एकनाथरावांनी हटकलं. भिंत कलली आहे, पावसाळ्याच्या आत पक्की करून टाकू, असं कुलदीप सहज म्हणाला. त्या क्षणी एकनाथरावांचा निर्णय झाला. मकरंदला मात्र त्यांनी काही कळवलं नाही. तो मध्ये पडून सगळं बिघडवेल, अशी त्यांना खात्री होती.

संक्रांतीला कुलदीप आणि त्याची बायको स्वाती तिळगूळ घेऊन खाली आली, पाया पडली. एकनाथरावांनी तिळगूळ घेतला, तोंडात टाकला आणि सांगितलं, की करार संपला आहे, महिनाअखेर वरचा पोर्शन रिकामा हवा.

स्वातीचा चेहरा लाल झाला. “काका, तुम्हांला माहीत तरी आहे का—”

“स्वाती, नक्को,” कुलदीप म्हणाला. त्याने तिचा हात धरला. मग त्याने एकदा वाफ्याकडे पाहिलं. “हौ काका. करतो रिकामा. तुम्ही परेशान होऊ नका, तुमच्या जिवाला बरं नाही ते.”

भाडेकरू एवढ्या मुकाट्याने ऐकतो, हे एकनाथरावांनी उभ्या वकिलीत पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं, यात काहीतरी डाव आहे. म्हणून सामान हलेपर्यंत ते ओट्यावरून उठले नाहीत.

पण डाव वगैरे काही निघाला नाही. टेम्पो भरला. अंबरपेठेत दोन खोल्या भाड्याने मिळाल्याचं कुलदीपने सांगितलं, आणि औषधं आणून द्यायला मी येत जाईन, असंही म्हणाला. वरची किल्ली त्याने त्यांच्या हातात ठेवली. कळ्या धरतील तेव्हा रोपांना काडीचा आधार द्या, पाणी मुळाशीच घाला, एवढं सांगून तो गेला. स्वाती मागे वळूनही न बघता टेम्पोत बसली.

त्या संध्याकाळी एकनाथरावांना फार दिवसांनी हलकं वाटलं. शेवटचा खटला जिंकल्याच्या तोऱ्यात त्यांनी मकरंदला फोन लावला आणि सगळं रंगवून सांगितलं: बिया, गच्ची, टेप, तिळगूळ. ऐकून पोरगा थक्कच झाला असणार, असं त्यांना वाटलं.

“आता दुसरा भाडेकरू बघ,” ते म्हणाले. “पण या खेपेला मला विचारून.”



“बाबा,” तो म्हणाला, “तुमच्या ऑपरेशनच्या वेळी ते घर मी कुलदीपलाच विकलं होतं.”