दीडपट हवा

धाकट्या भावाच्या गॅरेजमध्ये गाडी घालून ताई उतरली ती कडाडतच. “काय बसवलंयस हिच्यात?” तो खुशीत हसला. “मोठा टर्बो! इंजिनात हवा कोंबतो, तीही दीडपट. पळते ना?” तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “पळते, पण कधी? ट्रकला ओव्हरटेक करायला ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी ढिम्म! समोरून बस अंगावर आली!” “अगं, मोठ्या टर्बोला वेग घ्यायला जरा वेळ लागणारच.” “हे आत्ता सांगतोस?” जुना छोटा टर्बो टेबलावरच्या कागदांवर वजन म्हणून ठेवला होता. तिने तो उचलून त्याच्या पुढ्यात आदळला. “हाच लाव.” “ताकद कमी होईल, ताई.” तिने गाडीचं मागचं दार उघडलं. सीटवर तिची लेक झोपली होती. त्याचा चेहरा उतरला. “लावतो. जरा वेळ लागेल.” “लागू दे. इथे लागला तर कोणी मरत नाही.”